घरगल्लीची बाजू

माझा उजवा खांदा आखडला याबद्दल मी आज मनापासून कृतज्ञ आहे. तेव्हा नव्हतो. तेव्हा मी डॉक्टरपासून बायकोपर्यंत सगळ्यांवर खेकसत होतो. चाळीस वर्षं मराठी नाटकांची नेपथ्यं उभी केली. दिवाणखाने, देवळांचे गाभारे, पोलीस चौक्या, सगळं लाकडाचं, कापडाचं आणि रंगाचं. आणि आता स्वतःच्या शर्टाच्या बाहीत हात घालायला बायको लागत होती. पण खांदा धड राहिला असता तर मी परळला फिजिओथेरपीला गेलो नसतो, तिथे फोरमन भेटला नसता, आणि माझ्या थोरल्या बहिणीजवळ जे बोलायचं कित्येक वर्षं राहून गेलं होतं, ते तसंच राहिलं असतं. ताई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. माझ्याकडे काही फार वेळ शिल्लक नव्हता.

फोरमन हा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, माझगावचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. त्याचाही खांदा आखडलेला. आम्ही दोघे शेजारी शेजारी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवर वर वर चालवायचो. तोच व्यायाम. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय मॅन, तुझी मुंगी लई स्लो हाय." मला राग आला आणि मी दोन बोटं जास्त वर गेलो. तिथून आमची दोस्ती.

मी काय काम करायचो ते ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तू खोटी घरं बांधतो?"

"हो."

"मग माझ्याकडे ये. मला खोटी घरं पायजेत."

माझगावला त्याचं जुनं, उंच छताचं घर आहे. मधल्या खोलीत त्याने टेबलाएवढ्या उंचीवर प्लायवूडची एक मोठी लंबगोल चौकट मांडलेली होती, मधे माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा. चौकटीखालून वाकून आत शिरायचं आणि मधे उभं राहून खेळण्याएवढ्या गाड्या चालवायच्या. रूळ, सिग्नल, सांधे, इंजिनं, डबे, सगळं इतकं नेटकं की मी हात न लावताच बघितलं. पण बाकी काही नव्हतं. उघडं प्लायवूड. स्टेशन म्हणजे एक बुटाचं खोकं. झाडं म्हणून त्याने काडेपेटीच्या काड्यांवर भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे चिकटवले होते. मी विचारलं, "ही झाडं आहेत की कुणी भांडी घासायचं सोडून पळून गेलंय?" तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "मी लोखंडवाला माणूस. झाडपाला मला जमत नाय."

मंगळवार आणि गुरुवार ठरले. माझ्या बायकोला इतका आनंद झाला की ती मला दाराच्या बाहेर सोडायला यायची.

मी समजत होतो की हे आपल्या डाव्या हाताचं काम. तसं काही नव्हतं. नाटकात प्रेक्षक चाळीस फुटांवर बसलेला असतो. तिथे भिंतीला भेग दाखवायची तर बोटभर जाड रेघ मारावी लागते, आणि गवत पोपटासारखं हिरवं रंगवलं तर कुठे ते शेवटच्या रांगेत गवत वाटतं. इथे बघणारा नाक लावून बघतो. माझी पहिली टेकडी बघून फोरमन एवढंच म्हणाला, "आर्टिस्ट, हिला ताप आलाय काय?" तेव्हापासून मी त्याच्यासाठी आर्टिस्ट झालो. त्याच्याकडे मापांची एक पट्टी होती आणि एकच मंत्र होता: सत्त्याऐंशीने भाग. दार, खिडकी, जिना, माणूस, जे काही खरं आहे त्याला सत्त्याऐंशीने भागायचं. पाच फुटांची बाई भागली की पावणेदोन सेंटिमीटर उरते. मी घरी हे कौतुकाने सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमच्या बोलण्यालाही भागून बघा एकदा."

हळूहळू हात बसला. रंगात राखाडी मिसळायला शिकलो. चहाचा चोथा उन्हात वाळवला की रुळांकडेची माती होते. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांची झाडं होतात, आणि ती अशी होतात की बाजारात तसलं झाड मिळणार नाही. घरची तुळस वाळली की बायको ती उपटून कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवायला लागली. उदबत्तीच्या काड्यांचे सांडपाण्याचे पाईप, मच्छरदाणीच्या तुकड्यांचे कठडे. काम करताना हात खांद्याच्या वर कधी गेला ते मला कळलंही नाही. ते फोरमनने बघितलं. "मुंगी वर पोचली रे," तो ओरडला.

मग त्याने फर्माईश केली. लाइनीकडेला एक चाळ पाहिजे. लालबागची.

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी आमचीच चाळ करायला घेतली. चार मजली, रुळांना पाठ लावून उभी असलेली, आता तिथे टॉवर आहे. मी पंचवीस वर्षं तिथे राहिलो. पाच आठवडे खपलो. लांबलचक गॅलऱ्या, कठड्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या, तेलाच्या डब्यातली तुळस, मधल्या जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या, तळमजल्यावरची पिठाची गिरणी. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार, अर्धं उघडं. आमच्याकडचं दार दिवसा कधी बंद नसायचं. चाळ वीतभरच उंच झाली, पण ती टेबलावर ठेवली तेव्हा मला गहिवरून आलं. फोरमनने बाहेरच्या बाजूने बघितली, टोपी काढली आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास."

पुढच्या मंगळवारी त्याने बऱ्याच दिवसांनी गाड्या चालवायला घेतल्या. तो वाकून आत मधल्या जागेत गेला. गाडी एक फेरी फिरली आणि थांबली. आतून आवाज आला, "आर्टिस्ट, जरा आत ये."

मी आत गेलो आणि त्याच्या जागेवर उभा राहून बघितलं. माझ्या चाळीला पाठच नव्हती. कोरा हार्डबोर्ड, त्यावर पेन्सिलने लिहिलेलं 'चाळ, पुढून', आणि तो पडू नये म्हणून मागून तिरक्या ठोकलेल्या पट्ट्या. अगदी नाटकाच्या सेटला असतात तशा. चाळीस वर्षांची सवय. प्रेक्षक ज्या बाजूला बसतो ती बाजू सजवायची, मागे कोण बघायला येतो? पण इथे गाडी मागून जात होती, आणि फोरमन दिवसभर मागेच उभा राहणार होता.

मी म्हटलं, "चुकलं."

तो म्हणाला, "चुकलं असं नाय. फक्त आम्ही रेल्वेवाल्यांनी मुंबई मागूनच बघितली. पुढची बाजू तुमची. आमची ही." आणि त्याने कोऱ्या हार्डबोर्डवर टिचकी मारली.

मी तावातावाने सांगितलं की गुरुवारी पाठ तयार आणतो. घरी येऊन कागद घेतला आणि पेन्सिल धरून बसलो. एक रेघ ओढता येईना. गॅलरीतलं मला सगळं आठवत होतं. कुठल्या कठड्याचा कुठला गज वाकलेला, कुठल्या दारावर काय तोरण. पण मागची बाजू? आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीला गॅलरी, आतल्या खोलीला मोरी आणि एक खिडकी, आणि खिडकीखाली घरगल्ली, म्हणजे चाळ आणि रेल्वेची भिंत यांच्यामधली सांडपाण्याची चिंचोळी वाट. पंचवीस वर्षांत मी त्या खिडकीत कितीदा उभा राहिलो असेन? चेंडू पडला की डोकवायचो, एवढंच.

त्या खिडकीत ताई असायची. मी पाच वर्षांचा असताना आई गेली. ताई तेरा वर्षांची होती. वडील मिलमध्ये, पाळीचं काम. ताईची शाळा त्याच महिन्यात सुटली. ती मोरीत बसून भांडी घासायची, ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापायची, आणि मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करायचो. माझी मॅट्रिक होईपर्यंत तिने लग्न लांबवलं. माझ्यासाठी. हे मला नेहमी माहीत होतं. माहीत असणं आणि बोलून दाखवणं यात जेवढं अंतर असतं, तेवढं आमच्यात होतं.

आणि मग तो सत्कार. काही वर्षांपूर्वी दादरच्या एका हॉलमध्ये मला नेपथ्याचा छोटासा पुरस्कार मिळाला. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. मी दहा मिनिटं बोललो. पडद्यामागच्या माणसांना कुणी विचारत नाही, असं ठणकावून सांगितलं. मग आभार मानले. दिग्दर्शकाचे, सुतारांचे, प्रकाशयोजनेवाल्याचे, सेट वाहून नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरचे, तालमीला चहा आणणाऱ्याचेसुद्धा. टाळ्या घेतल्या आणि खाली उतरलो. ताई म्हणाली, "छान बोललास." आणि बस पकडून घरी गेली. त्यानंतर ती माझ्या एकाही नाटकाला आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. दोन दिवसांनी बायकोने मला विचारलं, "ताईंचं नाव का घेतलं नाहीत?" मी तिच्यावरच उखडलो, "घरच्या माणसांचे कुणी आभार मानतं का?" मी जोरात बोललो, कारण मला माझी लाज वाटली होती. राखी होत होती, भाऊबीज होत होती, ताई ओवाळत होती, मी ओवाळणी घालत होतो. पण ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायला लागली होती. बस, पाणी घे, चहा करते. मला ते सहन व्हायचं नाही, आणि मीच केलेलं असल्यामुळे तक्रारही करता यायची नाही.

आता चाळीची पाठ सांगू शकेल असं जगात तेवढं एकच माणूस होतं. शनिवारी मी दादरला तिच्या मुलाच्या घरी गेलो.

तिने पाणी दिलं, चहा केला. मी विचारलं, "ताई, आपल्या चाळीची मागची बाजू कशी होती ग?"

"कशाला हवीय?"

मी सांगितलं. तिने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "कागद काढ."

दोन तास ती बोलत होती. आपल्या खिडकीला खाली तीन गज होते, वर दोन, मधला एक वडिलांनी काढलेला, बरणी बाहेर ठेवायला. डावीकडून मोठा बिडाचा पाईप, दुसऱ्या मजल्याशी गळायचा, तिथे हिरवं शेवाळ. त्याच्या जरा वर भिंतीत उगवलेला पिंपळ. पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीला टोपली बांधून सुकट वाळत घालायच्या आणि कावळ्यांना शिव्या द्यायच्या. शेवटच्या खिडकीतला पोपट इंजिनाच्या शिट्टीची नक्कल करायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीवर पत्र्याचं छप्पर बसवलं होतं, पाऊस पडला की आपल्या मोरीत बोललेलं ऐकू यायचं नाही. भिंतीचा रंग? पुढून पिवळा होता, मागून रंग कधी दिलाच नाही. गाड्यांच्या धुराने काळी, आणि खिडक्यांखाली सांडलेल्या पाण्याचे ओघळ. सगळ्या गाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. दुपारी अडीचची मेल गेली की मी शाळेतून यायची वेळ झाली, असं ती धरायची.

मी लिहिता लिहिता थांबलो. "तू एवढं कधी बघितलंस ताई?"

"मी तिथंच होते ना रे," ती म्हणाली. "तू पुढं होतास."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. पाईप डावीकडे होता असं सांगावं, तसंच सांगितलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण सून भाजी घेऊन आली आणि मी भ्याडासारखं वांग्यांचा भाव विचारला.

पुढचे दोन महिने ताईचे मला फोन येत होते. दुपारचे, चारच्या सुमाराला. "अरे, ती टोपली दुसऱ्या खिडकीला होती, पहिल्या नव्हे." "पिंपळाला पानं फार नव्हती हां, उगाच झाड करून ठेवू नकोस." ती पुन्हा मला दटावायला लागली होती. मी बायकोला प्रत्येक फोन सविस्तर सांगायचो आणि बायको हसायची. मी पाठ तशीच केली जशी ती सांगत होती. काजळी लावली, ओघळ काढले, उदबत्तीच्या काडीला शेवाळ चढवलं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत तिला उभी केली. पावणेदोन सेंटिमीटरची, पुट्टीची, आईची हिरवी साडी नेसलेली. साडी पतंगाच्या कागदाची. तीन आठवडे त्या एका बाहुलीवर घालवले. भाषणात जे राहिलं ते मी या हातांनी सांगणार होतो. जिभेवर माझा भरवसा नव्हता.

ताई यायला तयार झाली. मग माझ्या लक्षात आलं की पाठ दिसते ती मधल्या जागेतून, आणि मधे जायचं तर टेबलाखालून वाकून जावं लागतं. ताईचे गुडघे खरोखरच गेलेले. मी फोरमनला म्हटलं, आरसा धरू आपण. गुरुवारी गेलो तर त्याने करवतीने आपलं टेबल कापलेलं होतं. टेबलावरून जाणारी मेन लाइन, दोन्ही रूळ, आरपार. कापलेल्या तुकड्याला बिजागऱ्या लावून फाटक केलं होतं. सहा वर्षं खपून जुळवलेले रूळ त्या माणसाने माझ्या बहिणीसाठी कापले, जिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मेगाब्लॉक घेतला. दर रविवारी लोकांचा होतो, एकदा आपला."

रविवारी दुपारी ताई आली. फोरमनच्या मिसेसने फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळले होते, ताईने दोन खाल्ले आणि कसे करायचे ते विचारून घेतलं. मग फोरमनने फाटक उघडलं, तिला हात देऊन मधे नेलं आणि फाटक लावलं. मी तिच्यामागे उभा.

ताईने चष्मा पुसला. खालून वर बघत गेली. पाईप. टोपली. "पोपट कुठंय?" तिने विचारलं. मी दाखवला. ती हसली. मग तिसऱ्या मजल्यावर आली आणि थांबली.

मी म्हटलं, "ताई, ती तू आहेस. त्या दिवशी हॉलमध्ये मी सगळ्यांची नावं घेतली आणि तुझं घेतलं नाही. सगळ्यात पहिलं तुझं घ्यायला हवं होतं. माझं जे काही झालं ते तुझ्यामुळे झालं." फोरमन इंजिनाची चाकं पुसायला लागला.

ताई बाहुलीकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून आमची घरची मालवणी आली. ती घरात फार रागावली किंवा फार हेलावली की तिला तेवढीच भाषा यायची.

"तिका थंयसून काढ," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं, तिला नको आहे हे. मी म्हटलं, "आवडली नाही?"

"आवडली रे. साडी आयेचीच आसा." तिने डोळ्यांना पदर लावला. "पण अकरा वर्सां उभी रवलंय मी थंय. आता पुरे. काढ तिका. गाडयेत बसव."

रोज तिच्यासमोरून गाड्या जात होत्या आणि मी आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं की तुला त्यातल्या एखाद्या गाडीत बसावंसं वाटायचं का. आताही विचारलं नाही. आता विचारायची गरज नव्हती. मी चिमट्याने बाहुली सोडवली. फोरमनने स्क्रू काढून मेलच्या एका डब्याचं छप्पर अलगद उचललं. आत बाकं होती, पण बाहुली उभी होती, ताठ.

"बसत नाही ताई," मी म्हटलं. "उभीच केलीय मी तिला."

"गुडघ्यात काप. नायतरी ते दुखततच."

फोरमनला आधी कळलं नाही. मी सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खांदा धरावा लागला. मी ब्लेडने पाय गुडघ्यात कापले, वळवले, डिंकाचा थेंब लावला आणि तिला खिडकीशेजारच्या बाकावर बसवलं. ताईने वाकून तपासलं. साडीचा घोळ नीट कर, म्हणाली. केला. छप्पर लागलं, फोरमनने शिट्टी वाजवली आणि गाडी निघाली. बोगद्यातून, तुळशीच्या झाडांमधून, माझ्या तापलेल्या टेकडीवरून, आणि मग आमच्या चाळीच्या पाठीमागून. ताई मान वळवून वळवून गाडी बघत होती. चाळीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

फेरी पूर्ण झाली. फोरमन वेळापत्रकाचा माणूस, स्टेशन आलं तसा त्याचा हात बटणावर गेला.

"थांबवू नका हो," ताई म्हणाली. "आत्ता कुठं बसलेय मी."